जेसीबी येऊन गेला आणि दिवाळीपर्यंत गाजरगवत परत

पत्र

पुण्यात सहकारनगर भागात आमची ३२ सदनिकांची सोसायटी आहे. कंपाउंडला लागून साधारण पाच गुंठ्यांचा खासगी मोकळा प्लॉट आणि त्यापलीकडे आंबिल ओढ्याला मिळणारा नाला. प्लॉटवर कचरा, राडारोडा आणि गुडघ्याच्या वर गाजरगवत. तक्रारीच्या ॲपवर सहा वेळा लिहिलं, सहाही वेळा ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला. गेल्या ऑगस्टमध्ये जेसीबी आणून सगळं साफ केलं होतं, दिवाळीपर्यंत आधीपेक्षा जास्त वाढलं. नाल्यात जलपर्णी माजली आहे. सोसायटीत आता चार मतं आहेत. एक जण तणनाशक आणून बसलेत, एक म्हणतात मिठाचं पाणी मारा, एक म्हणतात वाळलं की काडी लावू. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना त्यातली पिवळी-केशरी फुलं आवडतात, त्या म्हणतात असू द्या. प्लॉटच्या कडेची सुबाभूळही काढायची आहे. मला स्वतःला गेल्या पावसाळ्यापासून मानेवर आणि पापण्यांवर खाज येते. फोटो जोडले आहेत. जुलै सुरू झालाय, काय करावं?
एक कमिटी सदस्या

उत्तर

ताई,

सुरुवात तुमच्या खाजेपासून करू, कारण बाकीची कामं वाटून घेता येतात. पापण्या, मान, कोपराची आतली घडी, गाजरगवताचा त्रास या जागा हमखास धरतो. या झाडातलं पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या पानाफुलांच्या भुकटीबरोबर हवेत उडतं, त्यामुळे प्लॉटवर पाऊल न ठेवताही अंगावर येतं. ही ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. माणूस वर्षानुवर्षं शेजारी राहतो, काही होत नाही, आणि एखाद्या पावसाळ्यात सुरू होतं; मग पुढे थोडकं निमित्तही पुरतं. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, पॅच टेस्टबद्दल (ॲलर्जी कशाची आहे हे बघणारी त्वचेवरची चाचणी) विचारा. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम आपल्या मनाने पापणीला लावू नका. आणि उपटायला तुम्ही अजिबात उतरायचं नाही. तुमच्याकडे कागदाचं काम, तेही थोडं नाही.

आता जेसीबी. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

ऑगस्टमध्ये गाजरगवत फुलून बी धरलेलं असतं. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया येतात, एकेक बी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं. अशा झाडांवरून बकेट फिरली की बी झडतं. शिवाय वरची माती खाली जाते आणि खालची वर येते. दोन इंचांहून खोल गाडलेलं बी उगवून येत नाही, पण मरतही नाही, ते वर्षानुवर्षं वाट बघत पडून राहतं. जेसीबीने ते उजेडात आणलं, वरून पाऊस होताच, आणि सावली करणारं दुसरं काही शिल्लक नव्हतं. एवढी छान पेरणी कोणी मुद्दाम केली नसती. उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येतं, म्हणजे सप्टेंबरअखेर फुलं आणि दिवाळीला पुन्हा बी. तुमचा अनुभव या हिशोबाशी तंतोतंत जुळतो.

दुसरं नुकसान असं की जेसीबी आत यायला वाट लागते. ती वाट तशीच राहिली आणि रात्रीच्या टेम्पोला आयती मिळाली. राडारोड्याबरोबर आणखी कुठलं तरी बी आलं, गवत वाढलं, गवताचा आडोसा झाला की पिशवी भिरकावणाऱ्याची लाज जाते. कचरा आणि गवत असे एकमेकांना धरून राहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वाट बंद, मग गवत उपटणं, मग कचरा उचलणं, आणि उघडी पडलेली जमीन त्याच दिवशी झाकणं. यातली शेवटची पायरी सगळेच विसरतात.

सहा तक्रारी का बंद झाल्या

‘आमच्या गल्लीत कचरा आहे’ ही तक्रार महापालिकेच्या आरोग्य कोठीकडे, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी जाते. मुकादम माणसं पाठवतो, रस्त्याच्या कडेचं उचललं जातं, फोटो निघतो, तक्रार बंद. खासगी प्लॉटच्या आत झाडणं हे त्यांच्या कामात बसतच नाही. तुमच्या एका फोटोत चार गोष्टी आहेत आणि चारही वेगवेगळ्या टेबलांवर जातात: रस्त्यालगतचा कचरा कोठीकडे, प्लॉटमधली घाण मालकाकडे (आणि मालक हलत नसेल तर नोटिशीसाठी क्षेत्रीय कार्यालयाकडे), नाला मलनिःसारणवाल्यांकडे, सुबाभूळ उद्यान विभागाकडे. एका तक्रारीत एकच विषय आणि एकच जागा लिहा. फोटो दोन जोडा, एक जवळून आणि एक लांबून, ज्यात शेजारचा विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी दिसेल.

मालक कोण हे कसं शोधायचं, असं पुढचं पत्र येईल म्हणून आत्ताच सांगतो. तुमच्याच सोसायटीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमुक सर्व्हे नंबर, पश्चिमेस तमुक. तो नंबर घ्या, राज्य सरकारच्या भूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघा. नावं कळतील. बऱ्याचदा तिथे सहा-सात वारस निघतात, त्यातला एखादा पुण्यात असतो. त्याला आधी साधं पत्र पाठवा, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. भांडणाचा सूर नको. ‘आम्ही आमच्या खर्चाने गवत काढून देतो, तुमची लेखी संमती हवी’ एवढंच. संमतीशिवाय आत शिरलात तर चांगलं काम करूनही अतिक्रमणाचा आरोप अंगावर घ्याल. मालकालाही संमतीत फायदा दिसतो, कारण प्लॉट कचऱ्याखाली असण्यापेक्षा कोणीतरी त्यावर डोळा ठेवून आहे हे त्याला बरंच असतं.

उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी धनकवडी-सहकारनगर क्षेत्रीय कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज. असा:

‘विषय: सर्व्हे नं. __, हिस्सा नं. __ येथील मोकळ्या खासगी भूखंडावरील कचरा, राडारोडा व गाजरगवत हटवण्यासाठी भूखंडमालकास नोटीस देणेबाबत.
सदर भूखंड आमच्या सोसायटीच्या पश्चिमेस असून क्षेत्र अंदाजे ५ गुंठे आहे. भूखंडास कुंपण नाही. दि. __ रोजी मालकास पत्र पाठवले, पोचपावती सोबत जोडली आहे. दि. __ व दि. __ रोजीचे फोटो जोडले आहेत. मालकास भूखंड स्वच्छ करून कुंपण घालण्याची नोटीस द्यावी व नोटिशीची प्रत आम्हास मिळावी, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नका. प्रत मागितली की नोटीस निघाली की नाही हे कळतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे घरी लिहिलेलं पत्र. महिन्याभरात काही हाललं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: ‘आवक क्र. __ वर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.’ तिथे ‘कार्यवाही का झाली नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देण्याचं बंधन नाही, कागदाची प्रत मात्र द्यावी लागते.

चार मतांबद्दल

काडी लावण्याचा विषय आधी संपवू. वाळलेल्या गवतात प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, कुठे तरी अर्धा भरलेला स्प्रेचा डबा. जाळलं की धूर तुमच्याच खिडक्यांत. उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्यासाठी पाच हजारांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड ठरवला. आणि एवढं करून मातीत मिसळलेलं बी बहुतेक शाबूतच राहतं.

मीठ. शेतकऱ्यांच्या सल्ल्यांत हे असतं हे खरं, पंधरा ते वीस टक्क्यांचं द्रावण, म्हणजे लिटरमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम. पाच गुंठ्यांत दाट गवत नीट भिजवायचं तर ५० लिटर तरी लागेल, म्हणजे आठ-दहा किलो मीठ एका फवारणीला. पावसाळ्यात ते चार दिवसांत नाल्यात. राहिलेलं जमिनीत आणि तुमच्या कंपाउंडच्या पायात. पानं करपतात, मुळाशी ओल असेल तर झाड पुन्हा फुटतं, आणि जे चांगलं उगवून यायला हवं तेही येत नाही. नको.

तणनाशक. डब्यावर ग्लायफोसेट लिहिलं असेल तर ते तुमच्या सदस्यांनी मारायचंच नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. कायदा बाजूला ठेवला तरी ते तुमच्या उपयोगाचं नाही. फुलावर आलेल्या झाडाला मारलं तर ते मरेपर्यंत बी पक्कं होतं, आणि उभी वाळलेली झाडं तशीच राहतात, म्हणजे तुमच्यासाठी सगळ्यात त्रासदायक तीच भुकटी. वर नाला दहा पावलांवर. दुकानदार डबा परत घेत असेल तर देऊन टाका.

वहिनींची फुलं. तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा, बागेतून सुटून रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर पसरलेला. दिसतो सुंदर, यात वाद नाही. पण बी सुईसारखं, टोकाला आकडे, कपड्याला आणि कुत्र्याच्या केसांना चिकटून जातं. तुमच्या प्लॉटवर तो गाजरगवतानंतरचा शत्रू आहे. उपटायला मात्र सोपा, बी धरण्याआधी हाताने निघतो. वहिनींना गच्चीवर झेंडू लावून द्या. तोही मेक्सिकोहूनच आलेला, पण आपल्या कुंडीत राहतो.

उपटायचं कसं

फोटोत दिसतंय त्यावरून तुमची निम्मी झाडं अजून पसरट पानांच्या गड्ड्याच्या अवस्थेत आहेत आणि नाल्याच्या बाजूची पांढऱ्या फुलांवर आली आहेत. म्हणजे घाई आहे, पण वेळ गेलेली नाही. पाऊस उघडून एक दिवस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी. माती ओली असताना मूळ अख्खं सुटतं, कोरडीत खोड हातात येतं आणि मूळ खाली राहतं. कोयत्याने किंवा गवत कापायच्या मशीनने वरून छाटणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ते बुडापासून चार फांद्या काढतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत इतक्या खाली फुलतं की पुढच्या वेळी मशीनचं पातं वरून जातं.

आठ माणसं, दोन सकाळी, दोन-दोन तास, एवढ्यात पाच गुंठे होतात. बाहेर पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत जुना टी-शर्ट, बंद बूट, लांब रबरी हातमोजे, नाकाला मास्क, डोळ्यांना साधा चष्मा. सुती हातमोजे नकोत, रस झिरपतो. आणि या प्लॉटवर पिशव्यांत सुया आणि काचा असणार हे गृहीत धरूनच हात घाला. ज्याला दमा आहे किंवा आधी अंगावर उठलंय त्याला बोलावू नका. आत शिरताना काठीने गवत बडवत, पाय आपटत जा. कचरा तिथे उंदीर आणि उंदीर तिथे साप, धामण असली तर ठीक, घोणस असली तर नाही. घरी गेल्यावर कपडे वेगळे धुवायचे, बाकीच्या घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये नाही.

फुलावरच्या झाडांपासून सुरुवात करा. आधी शेंडा पोत्यात घाला, मग मूळ उपटा. हलवून माती झटकायची सवय इथे मोडावी लागते, कारण झटकलं की बी पडतं. ही पोती ओल्या कचऱ्यात किंवा सोसायटीच्या खतखड्ड्यात अजिबात नाहीत. घरगुती खड्डा पुरेसा तापत नाही, बी जिवंत राहतं आणि पुढच्या वर्षी तुमच्याच कुंड्यांत येतं. मालकाची संमती असेल तर प्लॉटच्या कोपऱ्यात तीन फूट खोल खड्डा घ्या, त्यात दाबून भरा, वर फूटभर माती. खड्ड्यावर दगडांची खूण ठेवा, म्हणजे नंतर कोणी तिथेच खणणार नाही. फूल नसलेली झाडं मात्र खुशाल खतात घाला, बारीक तोडून, थोडं शेण किंवा जुनं खत मिसळून. ती उपटून नुसती जागेवर टाकू नका. पावसात मुळं पुन्हा धरतात.

एखाद्या कोपऱ्यात पानं चाळणीसारखी खाल्लेली दिसली आणि त्यावर मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले भुंगे असले, तर तो कोपरा शेवटी घ्या. हा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात मुद्दाम गाजरगवतासाठीच भारतात आणून सोडला गेला. पावसाळ्यात तो काम करतो, थंडीत मातीत जाऊन बसतो. एकट्याच्या जिवावर प्लॉट साफ करेल अशी आशा नको, पण आहे तिथे त्याला राहू द्या. (या गवताची भारतातली पहिली नोंद १९५० च्या दशकात झाली तीही पुण्यातच. शहराच्या मानाच्या गोष्टींत ही कोणी सांगत नाही.)

तीन आठवड्यांनी पुन्हा उतरायचं, तेव्हा हिरवा गालिचा दिसेल. घाबरू नका, ते आधीचं बी आहे. बोटभर रोपं असतात, खुरप्याने तासाभरात निघतात. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला एकदा आणि परतीचा पाऊस संपल्यावर नोव्हेंबरात एकदा. हे तीन पावसाळे करावं लागेल. पहिल्या वर्षीच्या चार फेऱ्यांतली दुसरी चुकली की पहिली वाया जाते, म्हणून तारखा आत्ताच नोटीस बोर्डवर लावा.

कचरा: आधी पिशवी उघडून बघा

कचरा कोण टाकतं याबद्दल प्रत्येक सोसायटीचा एक ठरलेला संशयित असतो, बहुधा शेजारची वस्ती. संशय बाजूला ठेवा आणि हातमोजे घालून दहा पिशव्या उघडा. कचरा आपला पत्ता सांगतो. गाठ मारलेली काळी पिशवी, आत डाळभात, चहाची पूड, दोन दुधाच्या पिशव्या: हे घर सकाळी लवकर बाहेर पडणाऱ्यांचं, ज्यांची आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंची वेळ जुळत नाही. कापडाच्या चिंध्या आणि दोऱ्याच्या रिळांचे पुठ्ठे असतील तर शिवणकाम करणारं दुकान. शहाळी असतील तर कोपऱ्यावरची गाडी. ती आधी उचला, कारण करवंटीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. आणि पांढऱ्या गोणीत फुटक्या टाइल्स, पीओपीचे तुकडे, जुन्या नळाचे पाइप असतील तर कुणाचं तरी बाथरूम नवं झालंय. कधी कधी ते तुमच्याच इमारतीतलं असतं.

उपाय पिशवीप्रमाणे बदलतो. वेळ न जुळणाऱ्यांसाठी इमारतीच्या खाली झाकणाच्या दोन बादल्या ठेवा, ओल्याची आणि सुक्याची, आणि कचरा नेणाऱ्या ताईंशी बोलून घ्या. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद घरोघर कचरा घेतात. त्यांचे पैसे थकले की घर सुटतं आणि सुटलेल्या घराची पिशवी प्लॉटवर जाते, म्हणून शेजारच्या भाड्याच्या खोल्यांचं मासिक शुल्क कोण भरतं, मालक की भाडेकरू, हे एकदा विचारून बघा. तिथेच अर्धी गोम असते. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायला सांगा. गादी, सोफा, जुना टीव्ही यासाठीही आधी त्यांनाच विचारा, ठरवलेल्या दिवशी नेतात.

दुकानदार आणि गाडीवाले यांच्याशी भांडून एक आठवडा फरक पडतो. रात्री दुकान बंद व्हायच्या सुमारास कोणी तरी खाली उभं राहिलं तर जास्त. पहिले पंधरा दिवस, रात्री साडेनऊ ते साडेदहा, दोघं जण, गप्पा मारत. मोबाइल रोखून धरायची गरज पडत नाही.

राडारोड्याचं तसं नाही. टेम्पो रात्री बारानंतर येतो आणि दोन मिनिटांत रिकामा होतो. त्याला अडवायला जाऊ नका. गाडीचा नंबर, तारीख, वेळ टिपा आणि आरोग्य निरीक्षकांना लेखी द्या. खरा उपाय मात्र वाट बंद करण्याचा. जेसीबीने केलेल्या वाटेवर, मालकाच्या संमतीने, दीड फूट रुंद आणि दोन फूट खोल चर, किंवा मोठे दगड चार-चार फुटांवर. टेम्पो थांबतो, माणूस चालत जाऊ शकतो. साखळी लावू नका, आठवड्यात भंगारात जाते. आणि तुमच्या सोसायटीत ठराव करा: कोणाच्याही फ्लॅटचं काम निघालं की कंत्राटदाराकडून अनामत घ्यायची आणि राडारोडा कुठे टाकला याची पावती दाखवल्यावर परत करायची. महापालिकेचा राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प वाघोलीला आहे. ‘माहीत नव्हतं’ हे कारण त्या दिवसापासून संपलं.

उचलायची गाडी गवत उपटण्याच्या दुसऱ्या दिवसासाठी आठवडाभर आधी कोठीत सांगून ठेवा, आणि जेसीबी पाठवू नका, माणसं आणि घमेली पाठवा अशी विनंती करा. राडारोड्याचे ढीग फार मोठे असतील तर मशीनला रस्त्याच्या कडेला उभं राहून हात लांबवू द्या, चाकं आत घालू नका.

नाला आणि सुबाभूळ

नाल्यात तुम्ही म्हणता ती जलपर्णी नाही. जलपर्णी पाण्यावर तरंगते, तिच्या देठाला फुगा असतो, आणि ती साचलेल्या पाण्यात, कात्रज किंवा पाषाणच्या तलावासारख्या ठिकाणी माजते. तुमच्या फोटोत पाणी वाहतंय आणि कडेच्या गाळातून हृदयाच्या आकाराची मोठी पानं वर आलेली आहेत. तो अळू आहे. परका नाही, पण सांडपाण्यावर पोसलेला, तेव्हा फदफदं करायला कोणी आणू नये. त्यामागे एरंड. अळूने पाणी तुंबत नाही. त्यात अडकलेल्या पिशव्यांनी आणि गाद्यांनी तुंबतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं हे तुमच्या भागाला सांगायला नको. नाल्यात माणसं उतरवू नका. मलनिःसारण विभागाला वेगळी तक्रार द्या, त्यात ‘जलपर्णी’ न लिहिता ‘नाल्याच्या पुलाखाली प्लास्टिक व गादी अडकून प्रवाह अडला आहे’ असं लिहा. पहिलीवर सावकाश होतं, दुसरीवर पावसाळ्यात लवकर हालचाल होते.

सुबाभूळ परकी आहे आणि पसरते, हे खरं. तरी ती कुऱ्हाडीला मोकळी आहे असं समजू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज उद्यान विभागात, आणि अर्जदार जमिनीचा मालक. साल काढून किंवा बुंध्यात काही ओतून ‘आपोआप वाळवणं’ हेही त्यातच येतं. तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं, म्हणून घाई करून मिळवायचं काहीच नाही. करंगळीएवढी रोपं मात्र ओल्या मातीतून उपटा, आणि शेंगा हिरव्या असतानाच काढून घ्या, वाळून तडकायच्या आत.

जमीन झाकणं

टाकळा. आपल्याकडचा, पावसाबरोबर झपाट्याने वाढणारा, गाजरगवताला सावलीत दाबणारा. खरी वेळ पहिल्या पावसाआधीची, मेअखेर, पण जुलैच्या मध्यापर्यंत बी टाकलं तरी धरतं. गुंठ्याला पाव ते अर्धा किलो, म्हणजे तुम्हाला दीड-दोन किलो. काष्ठौषधींच्या दुकानात टाकळ्याचं बी मिळतं. भाजलेलं नको हे स्पष्ट सांगा, आणि घरी वीस बिया ओल्या फडक्यात बांधून किती फुटतात ते आधी बघा. कवच टणक असतं. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी निथळून मातीत मिसळून फेका. तीन आठवड्यांच्या खुरपणीत टाकळा ओळखता यायला हवा. त्याच्या पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, रात्री मिटतात. गाजरगवताचं पान गाजराच्या पाल्यासारखं चिरलेलं, गोंधळ होत नाही.

पुढच्या वर्षाचं बी विकत घेऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिंहगडाच्या पायथ्याकडे रस्त्याकडेला टाकळ्याच्या शेंगा वाळलेल्या असतात. लांब, बारीक, वीतभर शेंग घ्या. तिथेच तिच्यासारखी दिसणारी आखूड, केसाळ, झुबक्याने आलेल्या शेंगांची दुसरी वनस्पती असते. ती परकी आहे, ती आणलीत तर एक पाहुणा घालवून दुसरा बसवलात. आणि या प्लॉटवरच्या टाकळ्याची भाजी कोणी करू नये.

नाल्याच्या कडेला आणि कंपाउंडलगत, जिथे माती कमी आणि खडी जास्त, तिथे टाकळा विरळ येतो. तिथे खोक्यांचे पुठ्ठे सपाट करून एकमेकांवर चढवून अंथरा, सेलोटेप काढून, आणि वर चार इंच वाळका पालापाचोळा.

पालापाचोळ्यावरून एक विचारायचं राहिलं. तुमच्या तिसऱ्या फोटोत भिंतीच्या आतून बाहेर लोंबणारी चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची वेल दिसते. ती वेडेलिया. भिंतीपलीकडे, प्लॉटच्या बाजूला, तिचाच पट्टा जमिनीवर पसरलाय आणि त्याच्या वर छाटलेल्या मनीप्लांटचा ढीग आहे. तुमचा माळी छाटणी भिंतीवरून पलीकडे टाकतो. या दोन्ही वेली प्रत्येक पेरातून मूळ सोडतात. वीतभर तुकडा ओल्या मातीवर पडला की झाला. पलीकडचा पट्टा दंताळ्याने गोळा करा, तुकडे मोजल्यासारखे वेचा, उन्हात पत्र्यावर पूर्ण करकरीत वाळवा, मगच खतात. माळ्याला छाटणीसाठी एक मोठं पोतं द्या आणि ते कुठे ठेवायचं ती जागा दाखवा. त्याच्याकडे आजवर तशी जागाच नसावी.